आकाशगंगेचा बाहेरून फोटो नाही, मग तिचा आकार कळला कसा?

प्रश्न असा आला आहे: "आपण आकाशगंगेच्या आतच आहोत. तिच्या बाहेर कुठलंही यान गेलेलं नाही. मग ती सर्पिल आहे, मधोमध ताऱ्यांचा लांबट दंड आहे, सूर्य मध्यापासून सव्वीस-सत्तावीस हजार प्रकाशवर्षांवर आहे, हे शास्त्रज्ञ कशाच्या जोरावर सांगतात? आणि जिथे तिथे छापलेलं ते सुंदर चित्र आलं कुठून?"

आधी चित्राचा निकाल लावतो. तो फोटो नाही. हल्ली सगळीकडे दिसतं ते चित्र खगोलशास्त्रज्ञ-चित्रकार रॉबर्ट हर्ट यांनी २००८ च्या सुमारास तयार केलं. त्याला आधार होता स्पिट्झर या अवरक्त अवकाश दुर्बिणीच्या आणि रेडिओ दुर्बिणींच्या निरीक्षणांचा. सूर्याच्या बाजूचा बराच भाग मोजमापांवर उभा आहे. मध्याच्या पलीकडचा भाग मात्र 'इकडे असं आहे तर तिकडेही असंच असणार' या तर्काने भरलेला आहे. बाहेरून घेतलेला 'खरा फोटो' म्हणून जे काही फिरत असतं, तो बहुतेक वेळा दुसऱ्याच एखाद्या सर्पिल दीर्घिकेचा, म्हणजे आकाशगंगेसारख्याच दुसऱ्या तारकाविश्वाचा, फोटो निघतो.

आता मूळ मुद्दा. आकाशात दिशा फुकट मिळते, अंतर मिळत नाही. फिकट दिसणारा तारा मुळातच मंद आहे की तेजस्वी असून लांब आहे, हे नुसतं बघून सांगता येत नाही. आकाशगंगेचा नकाशा ज्यांनी ज्यांनी काढला, त्या सगळ्यांची मुख्य झटापट याच अडचणीशी होती. दुसरी अडचण धुळीची, आणि ती आहे हे १९३० पर्यंत नीट सिद्धच झालं नव्हतं. माझं काम हायड्रोजनच्या रेडिओ निरीक्षणांचं, त्यामुळे धुळीला न जुमानणाऱ्या लहरींकडे माझा कल आहे. पुढचं वाचताना तेवढं धरून चाला.

गॅलिलिओने १६१० मध्ये दुर्बिणीतून पाहून सांगितलं की तो दुधाळ पट्टा म्हणजे असंख्य तारे आहेत. मग तारे पट्ट्यातच का दाटलेत? थॉमस राइटच्या लिखाणावरून सुचलेलं उत्तर इमॅन्युएल कांटने १७५५ मध्ये मांडलं: तारे एका चपट्या थरात पसरलेत आणि आपण त्या थरातच आहोत. थराच्या पातळीत नजर गेली की ताऱ्यांची दाटी दिसते, वर किंवा खाली गेली की विरळ. तर्क अचूक होता, पण मोजमाप काहीच नव्हतं.

मोजायला घेतलं ते विल्यम हर्शेलने. त्याने आकाशातल्या शेकडो जागी दुर्बीण रोखून दृष्टिक्षेत्रात किती तारे येतात ते मोजलं. बहीण कॅरोलिन त्याच्या निरीक्षणांच्या नोंदी ठेवायची. १७८५ मध्ये त्याने त्यावरून आकाशगंगेचा छेद काढला. त्यामागे तीन गृहीतकं होती. सगळे तारे साधारण सारख्याच तेजाचे आहेत. ते सारख्याच अंतराअंतरावर विखुरलेत. आणि त्याची दुर्बीण ताऱ्यांच्या थराच्या काठापर्यंत पाहू शकते. मग ज्या दिशेला जास्त तारे, त्या दिशेला थर जास्त खोल. हिशोब सरळ होता. त्यातून कडा फाटलेली एक चपटी आकृती निघाली आणि सूर्य तिच्या मध्याजवळ बसला.

तिन्ही गृहीतकं चुकीची होती, आणि त्याबद्दलची शंका हर्शेलला स्वतःलाच आली. आणखी मोठी दुर्बीण लावली की आणखी तारे दिसत, म्हणजे काठ काही आला नव्हता. एकमेकांभोवती फिरणारे जोडतारे त्याने शोधले. त्यांतले दोन तारे आपल्यापासून एकाच अंतरावर असूनही एक झगझगीत आणि दुसरा मंद असे. म्हणजे 'सगळे सारखे' हेही गेलं. मला हर्शेल यासाठीच आवडतो. त्याने आपल्याच नकाशावरचा भरवसा उतारवयात काढून घेतला. पुस्तकं मात्र तो नकाशा पुढे कितीतरी वर्षं छापत राहिली. वृश्चिकेतले काळे डाग म्हणजे ताऱ्यांच्या थरातली भोकं, असंही त्याला वाटलं होतं. ती भोकं नव्हेत तर समोर आलेले काळे ढग आहेत, हे लोकांना पटायला विसावं शतक उजाडावं लागलं. एडवर्ड बर्नार्ड यांच्या छायाचित्रांचा त्यात मोठा वाटा आहे.

खऱ्या अर्थाने अंतर मोजलं ते फ्रीडरिश बेसेलने, १८३८ मध्ये. पृथ्वी सहा महिन्यांत सूर्याच्या पलीकडे जाते, म्हणजे आपली बघायची जागा तीस कोटी किलोमीटरने बदलते. त्यामुळे जवळचा तारा मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसतो. याला पराशय म्हणतात. हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचा पराशय अंशाच्या दहा हजाराव्या भागाहूनही थोडा कमी भरला. हा तारा सुमारे ११.४ प्रकाशवर्षांवर आहे. ही निव्वळ भूमिती आहे. तारा कोणत्या जातीचा, किती तेजस्वी, मध्ये धूळ आहे की नाही, यातलं काहीही गृहीत धरावं लागत नाही. म्हणून आजही आमची सगळी अंतरं शेवटी पराशयावर येऊन टेकतात. अडचण एवढीच की जमिनीवरून काहीशे प्रकाशवर्षांपलीकडे ही पद्धत थकते, आणि आकाशगंगा लाखभर प्रकाशवर्षं रुंद आहे.

म्हणून ताऱ्यांची मोजदाद चालूच राहिली. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनचे याकोबुस कॅप्टाइन यांच्याकडे स्वतःची धड दुर्बीणही नव्हती. त्यांनी १९०६ मध्ये आकाशाचे २०६ निवडक तुकडे ठरवले आणि जगभरच्या वेधशाळांना त्या तुकड्यांतल्या ताऱ्यांची संख्या, तेज, वेग मोजायला लावलं. १९२२ मध्ये त्यातून चित्र निघालं: सुमारे पन्नास हजार प्रकाशवर्षं रुंदीची चपटी रचना, आणि सूर्य मध्यापासून जेमतेम दोन हजार प्रकाशवर्षांवर. दाट धुक्यात मैदानात उभ्या राहिलेल्या माणसाला चारी बाजूंना सारखंच अंतर दिसतं आणि आपण मैदानाच्या मध्यावर आहोत असं वाटतं. कॅप्टाइन यांचं झालं ते हेच.

त्यांना धुक्याची शंकाच आली नाही असं म्हणणं मात्र अन्यायाचं ठरेल. ताऱ्यांमधल्या जागेत प्रकाश अडवणारं काहीतरी असावं, यावर त्यांनी बरीच वर्षं विचार केला होता. असं काही असेल तर निळा प्रकाश जास्त विखुरेल आणि लांबचे तारे लालसर दिसतील, ही कसोटीही ठाऊक होती. तरुण हार्लो शॅप्ली यांनी कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेतून शौरी तारकासमूहातला एम-१३ हा दूरचा गोलाकार तारकागुच्छ तपासला. त्यात निळे तारे चांगले निळेच दिसले. निष्कर्ष काढला गेला की वाट मोकळी आहे. पण एम-१३ आकाशगंगेच्या पट्ट्यापासून चांगला चाळीस अंश वर आहे. धूळ पट्ट्यात साचलेली आणि कसोटी घेतली पट्ट्याबाहेर. निरीक्षण चोख, निष्कर्ष चूक. विद्यार्थ्यांना निवडीच्या दोषाचं यापेक्षा चांगलं उदाहरण देता येत नाही.

गंमत अशी की याच शॅप्लींनी कॅप्टाइन यांचं विश्व मोडीत काढलं, आणि तेही याच गुच्छांच्या जोरावर. त्यासाठी लागणारी मोजपट्टी तयार केली होती हार्वर्ड वेधशाळेतल्या हेन्रिएटा लेव्हिट यांनी. पेरूमधल्या हार्वर्डच्या केंद्रावर घेतलेल्या छायाचित्रांच्या काचांवर त्या चल तारे शोधत असत, म्हणजे ज्यांचं तेज ठरावीक काळाने वाढतं आणि घटतं असे तारे. १९१२ मध्ये त्यांनी छोट्या मॅगेलन मेघातल्या २५ ताऱ्यांवरून दाखवलं की तेजाचा फेरा जितका लांब, तितका तारा जास्त तेजस्वी. सगळे तारे एकाच मेघात, म्हणजे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर. त्यामुळे दिसणाऱ्या तेजातला फरक हा खऱ्या तेजातलाच फरक. या सेफीड ताऱ्यांचा फेरा घड्याळ आणि कॅलेंडर लावून मोजता येतो. फेऱ्यावरून खरं तेज, खरं तेज आणि दिसणारं तेज यांच्या तुलनेवरून अंतर. शंभराहून अधिक वर्षं झाली, आम्ही अजून हीच पट्टी वापरतो.

शॅप्लींनी १९१८ पर्यंत ती गोलाकार तारकागुच्छांना लावली. लाखो ताऱ्यांचे हे घट्ट गोळे आकाशभर सारखे पसरलेले नाहीत. त्यांना माहीत असलेल्या गुच्छांपैकी जवळपास एक तृतीयांश गुच्छ धनू राशीच्या दिशेला, आकाशाच्या दोन टक्क्यांएवढ्या भागात होते. अंतरं मांडल्यावर दिसलं की हे सगळे गुच्छ एका दूरच्या बिंदूभोवती गोलात पसरलेत, आणि तो बिंदू म्हणजे सूर्य नव्हे. शॅप्लींनी म्हटलं, आकाशगंगेचा मध्य तोच. सूर्य तिथून पन्नास-साठ हजार प्रकाशवर्षं दूर, आणि आकाशगंगेची रुंदी तीन लाख. आकडे जवळपास दुपटी-तिपटीने फुगलेले होते. धुळीमुळे काही गुच्छ फिकट आणि म्हणून लांब वाटले, शिवाय वेगवेगळ्या जातींचे चल तारे त्यांनी एकाच मापाने मोजले. पण दिशा बरोबर होती आणि मूळ कल्पनाही. गुच्छ थराच्या वर आणि खाली पसरलेले असल्याने धुळीतून सुटले, हे त्यांचं नशीब.

२६ एप्रिल १९२० रोजी वॉशिंग्टनमध्ये शॅप्ली आणि हेबर कर्टिस यांच्यात जाहीर वाद झाला, त्याला लोक फार महत्त्व देतात. माझ्या मते त्या दिवशी काहीच ठरलं नाही. शॅप्ली सूर्याच्या जागेबद्दल बरोबर होते. सर्पिल तेजोमेघ, म्हणजे दुर्बिणीतून दिसणारे भोवऱ्यासारखे धूसर ठिपके, या स्वतंत्र दीर्घिका आहेत, हे कर्टिस यांचं म्हणणं बरोबर होतं. दुसऱ्या भागाचा निकाल एडविन हबल यांनी लावला: ऑक्टोबर १९२३ मध्ये त्यांना देवयानी तेजोमेघात सेफीड सापडला, आणि अंतर निघालं सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षं. आज ते पंचवीस लाख मानतात, पण नऊ लाखही आकाशगंगेबाहेर जायला पुरेसे होते. तेव्हापासून आकाशगंगा ही अनेकांतली एक दीर्घिका झाली, आणि तिचा आकार ओळखायला शेजारच्या दीर्घिकांचे नमुने मिळाले. तुमच्या प्रश्नाचा निम्मा आधार इथे आहे: आपली बाहेरून दिसत नाही, पण तिच्यासारख्या हजारो दिसतात.

आता ज्यांचं नाव फारसं कोणी घेत नाही त्यांच्याबद्दल. रॉबर्ट ट्रम्प्लर मूळचे स्वित्झर्लंडचे, कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत काम करायचे. त्यांनी आकाशगंगेच्या थरातलेच शंभर खुले तारकागुच्छ घेतले आणि प्रत्येकाचं अंतर ताऱ्यांच्या जातीवरून आणि तेजावरून काढलं. अंतर कळलं आणि गुच्छ आकाशात केवढा दिसतो तेही कळलं की त्याचा खरा व्यास निघतो. तो मांडल्यावर विचित्र गोष्ट दिसली. गुच्छ जितका लांब, तितका तो प्रत्यक्षात मोठा! निसर्गाला आपल्यापासून दूर जाता जाता मोठे गुच्छ घडवायचं काही कारण नाही. सरळ अर्थ असा की अंतरंच जास्त निघत होती, कारण वाटेतल्या धुळीमुळे तारे जास्त फिकट दिसत होते. १९३० मध्ये त्यांनी आकडाही दिला: थरातून सव्वातीन हजार प्रकाशवर्षं प्रवास केला की प्रकाश जवळपास निम्मा होतो. या एका निबंधाने कॅप्टाइन यांचा मध्य गेला आणि शॅप्लींचा फुगवटाही उतरू लागला. धनू राशीतल्या मध्याच्या दिशेने पाहिलं तर दृश्य प्रकाशाच्या साधारण एक लाख कोटी कणांतला एखादाच आपल्यापर्यंत पोचतो. अशा परिस्थितीत तारे मोजून मध्य सापडणं शक्यच नव्हतं.

प्रकाश फसवतो, पण वेग सहसा फसवत नाही. बर्टिल लिंडब्लाड यांच्या कल्पनेवरून नेदरलँड्समधल्या लायडनचे यान ऊर्ट यांनी १९२७ मध्ये ताऱ्यांच्या वेगांचा पट मांडला. थर एका मध्याभोवती फिरत असेल आणि आतले तारे बाहेरच्यांपेक्षा लवकर फेरी पूर्ण करत असतील, तर आपल्या आसपासचे तारे काही दिशांना जवळ येताना आणि काही दिशांना दूर जाताना दिसायला हवेत, आणि तेही ठरावीक क्रमाने. तसेच ते दिसले. त्यावरून निघालेली मध्याची दिशा शॅप्लींच्या दिशेशी जुळली, अंतर मात्र त्यांच्या निम्म्याहून कमी आलं. दोन पूर्णपणे वेगळ्या वाटा एकाच ठिकाणी पोचल्या. आमच्या क्षेत्रात एखादी गोष्ट पक्की मानायची ती अशा वेळी.

इथून रेडिओची गोष्ट सुरू होते. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत कार्ल यान्स्की अटलांटिकपार टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते ते शोधत होते. एक खरखर रोज चार मिनिटं लवकर यायची. तिचा फेरा २३ तास ५६ मिनिटांचा, म्हणजे सूर्याचा नव्हे, ताऱ्यांचा. १९३३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की ती धनू राशीच्या दिशेने येते. आकाशगंगेचा मध्य पहिल्यांदा असा 'ऐकू' आला, आणि खगोलशास्त्रज्ञांनी त्याकडे जवळपास दुर्लक्ष केलं.

ऊर्ट यांनी मात्र केलं नाही. रेडिओ लहरी धुळीतून आरपार जातात हे त्यांनी ओळखलं. पण वेग मोजायचा तर वर्णपटात एखादी ठरावीक रेषा, म्हणजे नेमकी लांबी माहीत असलेली लहर, हवी. जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये, १९४४ साली, त्यांनी हेंड्रिक व्हान दे हुल्स्ट या विद्यार्थ्याला तो प्रश्न घातला. उत्तर आलं: हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन आपल्या फिरकीची दिशा बदलतो तेव्हा २१ सेंटिमीटर लांबीची लहर बाहेर पडते. एकट्या अणूकडून ही घटना सरासरी एक कोटी वर्षांत एकदा घडते. तरीही आशा होती, कारण आकाशगंगेत हायड्रोजन अफाट आहे.

युद्ध संपल्यावर डच लोकांनी जर्मन रडारची राहिलेली तबकडी घेऊन शोध सुरू केला, आणि १९५० मध्ये त्यांचा रेडिओ ग्राहक (रिसीव्हर) आगीत जळाला. २५ मार्च १९५१ रोजी हार्वर्डमध्ये हॅरोल्ड यूएन आणि एडवर्ड पर्सेल यांना लाकडी चौकटीच्या, भोंग्यासारख्या अँटेनावर ती रेषा सापडली. त्यांनी लगेच छापून मोकळं होण्याऐवजी डच गटाला वेळ दिला. त्यांनाही काही आठवड्यांत रेषा मिळाली, ऑस्ट्रेलियातूनही पुष्टी आली, आणि हार्वर्ड व डच गटांचे निबंध एकत्र प्रसिद्ध झाले. अशी सभ्यता आमच्या क्षेत्रात दर वेळी दिसते असं नाही.

या रेषेवरून नकाशा कसा काढतात ते थोडं सविस्तर सांगतो, कारण तुमच्या 'कशाच्या जोरावर' याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे. एका दिशेला अँटेना रोखली की त्या रेषेवरचे सगळे हायड्रोजन ढग एकदम ऐकू येतात. पण प्रत्येक ढग वेगळ्या वेगाने जवळ येतो किंवा दूर जातो, त्यामुळे डॉप्लर परिणामाने (स्रोत जवळ येताना लहर आखूड होते, दूर जाताना लांब) प्रत्येकाची लहर किंचित वेगळ्या लांबीवर सरकते. एकाच दिशेत तीन-चार शिखरं दिसतात: सर्पिलाच्या तीन-चार भुजा. सूर्याच्या कक्षेच्या आत पाहताना सगळ्यात जास्त वेगाचं शिखर त्या जागेवरून येतं, जिथे आपली दृष्टिरेषा एखाद्या कक्षेला स्पर्श करते. तिथे काटकोन त्रिकोण मिळतो, म्हणजे अंतर मिळतं. या स्पर्शबिंदूंवरून कोणत्या त्रिज्येवर किती वेग हे आधी ठरवायचं, मग इतर ढगांचे वेग त्या वक्रावर बसवून त्यांची अंतरं काढायची.

याच्या मर्यादा लपवण्यात अर्थ नाही. आतल्या भागात एकाच वेगाला दोन अंतरं येतात, एक जवळचं आणि एक पलीकडचं, आणि कोणतं खरं ते वेगळ्या पुराव्याने ठरवावं लागतं. मध्याच्या थेट दिशेला आणि त्याच्या बरोबर उलट दिशेला तर सगळी गती आडवी, डॉप्लर शून्य, त्यामुळे तिथे पद्धत चालतच नाही. ऊर्ट, फ्रँक कर आणि गार्ट वेस्टरहाउट यांनी १९५८ मध्ये डच आणि ऑस्ट्रेलियन निरीक्षणं जोडून संबंध थराचा नकाशा काढला, त्यात या दोन दिशांना पाचरी कोऱ्या सोडल्या आहेत. त्या कोऱ्या जागांचं मला फार कौतुक वाटतं. शिवाय वायू अगदी गोल कक्षेत फिरतो हे गृहीतकही पूर्ण खरं नाही. वेगात थोडा जरी फरक पडला तरी ढग नकाशावर हजारो प्रकाशवर्षं सरकतो.

भुजांचा पहिला पुरावा मात्र, मला रेडिओवाला म्हणून कबूल करायला जड जातं, दृश्य प्रकाशातूनच आला. विल्यम मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी डिसेंबर १९५१ मध्ये दाखवलं की तप्त निळे तारे आणि त्यांनी उजळवलेले वायूचे ढग सूर्याच्या आसपास ठरावीक पट्ट्यांमध्ये रांगेने आहेत. असे तारे ताऱ्यांच्या मानाने फार कमी काळ जगतात आणि जन्मले त्या भुजेतच संपतात. भुजा हुडकायला हेच तारे घ्यायचे, ही दिशा वॉल्टर बाडे यांच्या देवयानीच्या अभ्यासातून मिळाली होती.

दंडाची शंका १९६० च्या दशकातच आली होती, कारण मध्याजवळच्या वायूचे वेग गोल कक्षेशी जुळत नव्हते. अवरक्त निरीक्षणांनी ते पक्कं केलं: मध्यभागाचा फुगवटा एका बाजूला जास्त उजळ आणि जाड दिसतो, कारण दंडाचं एक टोक आपल्या बाजूला झुकलं आहे.

मध्याचं अंतर आज इतकं नेमकं कसं, याचं उत्तर एका ताऱ्यात आहे. १९७४ मध्ये ब्रूस बॅलिक आणि रॉबर्ट ब्राउन यांना मध्यात धनू अ* हा बारीकसा रेडिओ स्रोत सापडला. १९९० च्या दशकापासून राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांचे गट अवरक्त प्रकाशात त्याच्याभोवतीच्या ताऱ्यांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून आहेत. त्यातला एस-२ हा तारा १६ वर्षांत फेरी पूर्ण करतो. मे २०१८ मध्ये तो स्रोताच्या सर्वांत जवळ, म्हणजे सूर्य-नेपच्यून अंतराच्या साधारण चौपट अंतरावरून, सेकंदाला साडेसात हजारांहून अधिक किलोमीटर वेगाने गेला. वर्णपटावरून त्याचा वेग किलोमीटरमध्ये कळतो, आणि छायाचित्रांवरून त्याची कक्षा कोनात कळते. दोन्ही जुळवले की अंतर थेट निघतं, मध्ये कुठलीही पायरी नाही: सुमारे २६,७०० ते २७,००० प्रकाशवर्षं. शिवाय मध्यातल्या वस्तूचं वस्तुमान निघतं, सूर्याच्या ४३ लाख पट. एवढ्या छोट्या जागेत एवढं वस्तुमान म्हणजे कृष्णविवर. गेन्झेल आणि गेझ यांना २०२० चं नोबेल मिळालं, आणि मे २०२२ मध्ये त्या कृष्णविवराच्या सावलीची प्रतिमाही आली.

आता पराशयाकडे परत. युरोपचं गाया यान १९ डिसेंबर २०१३ रोजी निघालं, पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरून त्याने जानेवारी २०२५ पर्यंत आकाश मोजलं. आधीच्या हिप्पार्कस यानाची यादी १ लाख १८ हजार ताऱ्यांची होती. गायाची सुमारे १८० कोटी स्रोतांची आहे. बेसेलचीच भूमिती, पण हजारो प्रकाशवर्षांपर्यंत. गायाने नकाशाला इतिहासही जोडला. २०१८ मध्ये दोन गटांनी दाखवलं की सूर्याच्या आसपासच्या प्रभामंडळातले (थराभोवतीच्या विरळ गोलातले) पुष्कळ तारे मूळचे आपले नाहीतच; सुमारे हजार कोटी वर्षांपूर्वी आकाशगंगेत विलीन झालेल्या एका लहान दीर्घिकेचे ते अवशेष आहेत. थराच्या कडा सपाट नसून पिळवटलेल्या आहेत, हे सेफीड ताऱ्यांच्या त्रिमितीय नकाशांतही स्पष्ट दिसतं.

पण गायाही दृश्य प्रकाशातच पाहत होती, म्हणजे धुळीपुढे तिचंही चालत नाही. भुजांचे आजचे सर्वोत्तम नकाशे म्हणून रेडिओ पराशयाचे आहेत. हजारो किलोमीटर अंतरावरच्या अँटेना जोडून नवजात ताऱ्यांजवळचे पाणी आणि मिथेनॉलचे मेसर (लेसरसारखे तीव्र रेडिओ) स्रोत मोजतात. २०१९ मध्ये मार्क रीड आणि सहकाऱ्यांनी अशा सुमारे दोनशे स्रोतांवरून चार मुख्य भुजांचं चित्र मांडलं. त्याआधी २०१७ मध्ये अशाच पद्धतीने मध्याच्या पार पलीकडच्या, साधारण ६६ हजार प्रकाशवर्षांवरच्या एका ताऱ्यांच्या जन्मस्थळाचं अंतर थेट मोजलं गेलं. मोठ्या अँटेना बहुतेक उत्तर गोलार्धात असल्याने दक्षिणेकडून दिसणारा बराच भाग अजून विरळ आहे.

तेव्हा कुठला आकडा किती घट्ट धरायचा? मध्याचं अंतर टक्का-दोन टक्क्यांपर्यंत पक्कं आहे. सूर्याचा वेग सेकंदाला २४०-२५० किलोमीटर आणि एका फेरीला साधारण २०-२१ कोटी वर्षं, हेही चांगलं पक्कं. दंड आहे, याबद्दल आता वाद नाही. त्याची लांबी आणि फिरण्याचा वेग यांबद्दल आहे. भुजा चार की दोन ठळक आणि दोन फिकट, हे तुम्ही वायू आणि तरुण तारे मोजता की म्हातारे तारे, यावर बदलतं. ताऱ्यांची संख्या '१० हजार ते ४० हजार कोटी' अशी सैल सांगतात, कारण सर्वाधिक संख्या मंद लाल बुटक्या ताऱ्यांची आहे आणि ते लांबून दिसत नाहीत.

सगळ्यात सैल आकडा वस्तुमानाचा. मध्यापासून दूर गेल्यावर फिरण्याचा वेग जितका घटायला हवा तितका घटत नाही, म्हणून न दिसणारं कृष्णद्रव्य मानावं लागतं. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानीत मोजलेल्या वेगांनी या शंकेला बळ दिलं आणि आपल्याकडेही तसंच दिसतं. एकूण वस्तुमान सूर्याच्या सुमारे एक लाख कोटी पट असं सांगायची पद्धत आहे, पण गायाच्या आकड्यांवरून बाहेरच्या भागातला वेग पुन्हा मोजणाऱ्या काही अलीकडच्या अभ्यासांत ते याहून बरंच कमी निघालं आहे. हा वाद दूरच्या लहान उपदीर्घिकांच्या आणि गोलाकार गुच्छांच्या आडव्या वेगांवर अवलंबून आहे, आणि ते वेग गायाच्या पुढच्या, जास्त वर्षांच्या नोंदींवर आधारलेल्या यादीत अधिक नेमके मिळतील.